वीसपर्यंत मोजायचं

मास्तरांचा कोट उतरवायला डॉक्टरीणबाईंना चांगली दोन मिनिटं लागली, आणि त्यानंतर त्या तपासणीच्या खोलीत जे उघडं पडलं त्याने सगळ्या कुटुंबाची मान खाली गेली. एकट्या मास्तरांची सोडून. त्यांची मान ताठ होती, नजर समोरच्या भिंतीवर होती आणि पापणी म्हणून हलत नव्हती.

मास्तरांचा धाकटा मुलगा दाराशी उभा होता. घरच्या माणसांबरोबर एका खोलीत उभं राहायची त्याची तीन वर्षांतली ही पहिलीच वेळ. तीही ताईने फोनवर धमकी दिली म्हणून. "सकाळी नऊला हॉस्पिटलात ये, नाहीतर तुझ्या कारखान्यात येऊन सगळ्यांसमोर तुला कानाला धरून नेईन," असं ती म्हणाली होती, आणि ताई म्हणते ते करते हे घरातल्या सगळ्यांना अनुभवाने माहीत होतं. आल्यापासून बाबांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं होतं. दाराच्या कडीकडे पाहावं तसं.

कोटाखाली शर्ट होता. शर्टाला बटणं होती, पण ती नुसती दाखवायची. डॉक्टरीणबाईंनी वरचं बटण सोडवायला बोट घातलं तर सबंध शर्ट चर्रकन उघडला. आत वरपासून खालपर्यंत चपलेच्या पट्ट्याला असते तसली चिकटपट्टी.

"हे कोणी केलं?"

"मी," आई म्हणाली. "बटणं लावायला फार वेळ लागायचा ह्यांना. म्हटलं, वय झालं."

पँटीच्या आत मागच्या बाजूला दोन बोटं जाडीची गादी शिवलेली होती. डॉक्टरीणबाईंनी ती दाबून पाहिली आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे नजर टाकली.

"बाबा सारखे मागच्या मागे पडायचे," वहिनी पुटपुटली. "म्हटलं, पडायचे ते पडणारच. निदान लागू तरी नये."

पँटीचे पाय दोनदा वर घेतले होते. ते ताईचं काम. माहेरी आली की पँट इस्त्रीला म्हणून न्यायची आणि आखूड करून आणायची, कारण बाबा पायात अडखळतात. कोटाची कॉलर नेहमीपेक्षा उंच होती आणि पाठीत जास्तीचा कॅनव्हास घातला होता. मान मागे रेलते ते दिसू नये म्हणून थोरल्याने तो कोट तसा शिवला होता. थोरला शिलाईचं दुकान सांभाळत होता आणि दुकानाची अब्रूही. दुकानाच्या मालकाचाच कोट पाठीत उचललेला दिसला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, एवढंच त्याने पाहिलं.

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे गेली दोन-तीन वर्षं तुम्ही चौघंही ह्यांच्या कपड्यांत एकेक दुरुस्ती करताय, आणि चौघांनाही दुसऱ्याने काय केलंय ते माहीत नाही?"

माहीत नव्हतं हे खरं होतं.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "आधीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय, पेशंट नीटनेटका, स्वतःचं स्वतः आवरतो. आवरणारच. तुम्ही आजार आतून अस्तर लावून पाठवलात त्यांच्याकडे."

खरं तर त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. तीन पिढ्या ह्या घराने हाच धंदा केला होता. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला असला तर त्याला ते सांगायचं नाही. माप घ्यायचं, आतल्या बाजूला कापसाचा एक थर वाढवायचा आणि आरशासमोर उभं करून 'काय रुबाब आहे' म्हणायचं. सुटलेली पोटं, वाकलेल्या पाठी, एकमेकांशी न पटणारे पाय, सगळं त्यांनी झाकून दिलं होतं आणि जगाकडून वाहवा मिळवली होती. मग घरातलाच एक माणूस हळूहळू वाकडा व्हायला लागला तेव्हा त्यांनी जे येत होतं तेच केलं. डॉक्टरकडे जायचं असतं हे काही त्यांच्या हातांना शिकवलेलं नव्हतं.

आजाराचं नाव एवढं लांब होतं की डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून दिलं. थोरल्याने ते अर्ध्यापर्यंत वाचलं आणि कागद ताईकडे दिला. ताईने तो न वाचताच पर्समध्ये टाकला. बाईंनी मग तीन अक्षरांचं छोटं नाव सांगितलं, पीएसपी, आणि ते सगळ्यांना पेललं. लाखात पाच-सहा जणांना होतो, त्या म्हणाल्या. आधीच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या गोळ्या दिल्या त्या लागू पडल्या नाहीत, कारण हा कंपवात नाही. मेंदूच्या बुंध्याजवळचा एक छोटा भाग झिजत जातो. तोल मागे जातो. जीभ जड होते. डोळे डावी-उजवीकडे फिरतात पण खाली उतरत नाहीत. ताटातलं दिसत नाही, जिन्याची पायरी दिसत नाही. विचार चालू असतो पण सावकाश, आणि बाहेर यायला त्याहून सावकाश. भलत्या वेळी हसू येतं, भलत्या वेळी रडू. ह्यावर औषध नाही. पडू न देणं, घशात अडकू न देणं, धारदार वस्तू हाताशी न ठेवणं, व्यायाम आणि माणसं, एवढंच आपल्या हातात.

"आठवण?" आईने विचारलं. तेवढा एकच प्रश्न तिने विचारला.

"आठवण बरीचशी शाबूत असते," बाई म्हणाल्या आणि मास्तरांकडे वळल्या. "काका, खाली बघायला त्रास कधीपासून होतोय?"

"वर्ष झालं असेल," थोरला म्हणाला.

"छे, दोन तरी," ताई म्हणाली.

"मागच्या थंडीपासून," वहिनी म्हणाली.

"त्यांना सांधेदुखी होती तेव्हापासून," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "मी काकांना विचारलं. एक नियम सांगते, तो घरी पाळायचा. ह्यांना काही विचारलं की मनात वीसपर्यंत मोजायचं. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. तुम्हाला वाटतं ह्यांना कळत नाही. त्यांना कळतं. तुम्ही थांबत नाही."

"वीस म्हणजे सेकंद का?" थोरल्याने विचारलं.

"वीस म्हणजे वीस."

धाकटा दाराशी तसाच उभा होता. बाकीचं सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. खाली बघता येत नाही, एवढंच त्याला ऐकू आलं होतं.

*

दुकानाला सुटी होती. शटर अर्धं खाली ओढून सगळे आत बसले. वर घरात बसता आलं असतं, पण वर जायचं म्हणजे जिना, आणि जिन्याचं आता सगळ्यांनाच भय वाटायला लागलं होतं. मास्तरांना गिऱ्हाइकांच्या हातवाल्या खुर्चीत बसवलं. वहिनीने अर्धा अर्धा कप चहा आणला. भिंतीवर आजोबांचा फोटो होता, गळ्यात टेप घालून काढलेला. खाली शिलाईची चार मशिनं, इस्त्रीचं टेबल, मापांच्या वह्यांचं कपाट आणि मधोमध ते कटिंगचं टेबल.

त्या टेबलाकडे बघायचं नाही असं ठरवून धाकटा आत आला होता. आल्या आल्या नजर तिथंच गेली.

तीन वर्षांपूर्वी त्या टेबलावर एक काळा कोट पसरलेला होता. वाद्यवृंद चालवणाऱ्या एका गृहस्थांचा. आयुष्यभर लोकांसमोर हात वर करून उभं राहायचा त्यांचा धंदा. कापड नेहमीप्रमाणे मास्तरांनी बेतलं होतं, कारण त्या दुकानात कापडाला कात्री लावायचा हक्क एकाच माणसाला असायचा, आधी आजोबांना आणि नंतर मास्तरांना. पण शिलाई पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत धाकट्याची होती. त्याचा पहिला अख्खा कोट. ट्रायलला गृहस्थांनी कोट चढवला, आरशासमोर दोन्ही हात वर केले, आणि सबंध कोट उचलून कानांपर्यंत आला. "मी कासव दिसतोय," ते म्हणाले आणि भले गृहस्थ असल्यामुळे हसले.

कोट पुन्हा टेबलावर आला. धाकटा वाट बघत राहिला. बाबा ओरडले असते तर त्याला चाललं असतं. बाबांनी कोटाकडे मान खाली करून पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या भिंतीकडे बघत त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने कोट टेबलाच्या कडेला सरकवला, टाकायच्या चिंध्या सरकवतात तसा, आणि म्हणाले, "हे नको."

धाकट्याने त्या दिवशी कोट उचलला आणि घर सोडलं. आता तो गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात खिशांच्या विभागात होता. दिवसाला सातशे खिसे. हाताखाली अकरा माणसं, सगळी खिसेवाली. तो कोट त्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला होता. चार वेळा त्याने दोन्ही बाह्या उसवल्या होत्या आणि चार वेळा नव्याने बसवल्या होत्या, आणि चारही वेळा हात वर केला की कोट कानांपर्यंत यायचा. आपली शिलाई कुठे चुकते ते त्याला अजून सापडलं नव्हतं.

आणि आज त्या बाई म्हणाल्या होत्या की ह्या माणसाचे डोळे खाली उतरत नाहीत. मग तेव्हा तरी उतरत होते का? बाबांना तो कोट दिसला तरी होता का? दिसला नसेल तर तीन वर्षं तो एका आजारावर रुसून बसला होता, आणि आजारावरचा रुसवा सोडायला कोणाची हरकत नसते. उद्या सकाळी खिसे सोडून तो इथं येऊन बसू शकत होता.

"मला आधी एक सांगा," ताईने सुरुवात केली. ताईला कुठल्याही गोष्टीची सुरुवात स्वतःपासून करायची सवय होती. "म्हणजे माझ्या लग्नात बाबांनी आमच्या ह्यांना सगळ्यांसमोर गाढव म्हटलं, ते ह्या आजारामुळे ना?"

"तुझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली," आई म्हणाली.

"हळूहळू सुरू होतो म्हणाल्या त्या."

"एवढा हळू नाही होत. गाढव म्हणाले तेव्हा ठणठणीत होते. मी शेजारी उभी होते."

"मी घरी जाऊन आजारच सांगणार आहे," ताई म्हणाली. "चौदा वर्षं ऐकून घेतेय मी."

वहिनीने कप खाली ठेवला. "मागच्या महिन्यात माझी काजं बघून बाबा मोठ्यांदा हसले. गिऱ्हाईक समोर होतं. मला तर रडूच आलं."

"ते आजाराचंच," आई लगेच म्हणाली. "भलत्या वेळी हसू येतं ना."

"काजं वाकडीच होती," थोरला म्हणाला.

वहिनीने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो उठून पाणी प्यायला गेला. परत आला तो टेबलाला टेकून उभा राहिला आणि खाकरला. "सगळे सांगताहेत तर मीही सांगतो. ह्या टेबलाखाली विटा मी लावल्या. बाबांना वाकायला नको म्हणून. मला वाटलं, कंबर."

सगळ्यांनी खाली पाहिलं. टेबलाच्या चारही पायांखाली खरंच विटा होत्या, आणि विटांना फिकट निळ्या कापडाचे नीट बेतून शिवलेले अभ्रे होते.

"अभ्रे कोणी शिवले?" ताईने विचारलं.

"मी," वहिनी म्हणाली. "विटा उघड्या बऱ्या दिसत नव्हत्या."

"विटा कशाला आल्या ते विचारलं नाहीस?"

"मला काय माहीत? ह्या घरात मला कोण काय सांगतं."

"आणि दुसरं," थोरल्याचा आवाज खाली आला. "वर्षभर बाबा जे कापड बेततात ते मी दुकान बंद झाल्यावर पुन्हा बेततो. दोन बोटं इकडे, तीन बोटं तिकडे. रोज चुकतं."

मास्तरांच्या बेतावर टेप लावायची ह्या घराला सवय नव्हती. कोट बिघडला तर तो शिवणाऱ्याकडून बिघडला, हे इतकं ठरलेलं होतं की ते कधी कोणाला म्हणावंही लागलं नव्हतं. आईने आजोबांच्या फोटोकडे पाहिलं, आजोबांना हे ऐकू जाऊ नये असं वाटल्यासारखं.

"कापड पुरतं?" शेवटी तिने विचारलं.

"जास्तीचं मागवतो." थोरला एकदम भडाभडा बोलायला लागला. "आई, असं किती दिवस करू मी? त्या म्हणाल्या ना, धारदार वस्तू हाताशी नकोत. कात्री काढून घ्यायला हवी."

"कात्री घेतलीस तर जेवायचे नाहीत."

"बोट तुटलं म्हणजे जेवतील?"

"दादाचं बरोबर आहे," ताई म्हणाली.

"तुझं काय जातंय म्हणायला? तू संध्याकाळी आपल्या घरी जाशील," आई म्हणाली.

"मग आईचं बरोबर आहे," ताई म्हणाली. भांडणात बाजू बदलायला तिला पदर सावरण्याएवढाही वेळ लागत नसे.

"बोथट कात्री देऊ या," वहिनीने सुचवलं.

"त्यांना कळणार नाही होय?" आई आणि थोरला एकदम म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

खुर्चीत मास्तर समोर बघत बसले होते. कप हातात होता आणि थोडा चहा शर्टावर सांडला होता. आपल्या कात्रीचं काय करायचं ह्यावर चाललेली ही बैठक ते ऐकत होते की नाही हे त्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. धाकट्याला एकाएकी वाटलं की ऐकताहेत. सगळं ऐकताहेत.

"दादा," तो म्हणाला. आल्यापासूनचा त्याचा हा पहिला शब्द होता. "विटा कधी लावल्यास?"

"तू गेलास त्याच आठवड्यात."

"म्हणजे मी होतो तेव्हाच त्यांना खाली दिसत नव्हतं?"

ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अर्थात! तुझ्या त्या कोटाचं तेच झालं. बिचाऱ्यांना दिसलाच नाही तो. आणि तू वेड्यासारखा रागावून गेलास."

"असेल, तसंच असेल," थोरला म्हणाला. त्याला दुकानात दोन हात हवेच होते.

"बघा भावजी, उगाच तीन वर्षं गेली," वहिनी म्हणाली.

धाकट्याने आईकडे पाहिलं. ताईच्या गाढवाच्या बाबतीत आई तसूभर हटली नव्हती. आता मात्र ती कपातल्या चहाकडे बघत म्हणाली, "तोही आजारच होता रे. दुसरं काय असणार? ये आता घरी."

खोटं बोलताना आई समोरच्याकडे बघत नाही, हे तिच्या तिन्ही मुलांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण बाकी सगळे समाधानाने माना हलवत होते. एक जुनं भांडण कोणालाही दोष न देता मिटत होतं, आणि मिटवायला फक्त धाकट्याने 'हो' म्हणायचं होतं. म्हणावंसं त्याला फार वाटलं. जिभेवर आलंच होतं.

त्याने मशीनजवळचं स्टूल उचललं, बाबांच्या खुर्चीसमोर नेलं, त्यांच्या हातातला कप काढून खाली ठेवला आणि आपला चेहरा त्यांच्या नजरेच्या रेषेत येईल असा बसला.

"मी त्यांनाच विचारतो."

"अरे कशाला त्यांना त्रास," आई म्हणाली.

"बाबा, तो काळा कोट. वाद्यवृंदवाल्यांचा. टेबलावर ठेवला होता तेव्हा तुम्हाला दिसत होता का?"

"दिसत नव्हता रे," ताई म्हणाली.

"ताई, वीस."

सगळे गप्प झाले. हे घर एवढा वेळ गप्प बसल्याचं कोणाच्याच आठवणीत नव्हतं. धाकटा मनात मोजत होता. पाचावर थोरल्याचा फोन वाजला आणि त्याने तो खिशातच दाबून धरला. नवावर ताईने श्वास घेतला, तर आईने तिच्या दंडाला चिमटा काढला. अकरावर मास्तर काही न सांगता ताडकन उभे राहिले, कोणीतरी दोरी ओढावी तसे, आणि कोणी जागचं हलायच्या आत मागच्या मागे धप्पकन खुर्चीत बसले. वहिनी किंचाळली. मास्तरांना काही झालं नव्हतं.

"गादी चांगली शिवलीय," थोरला दबक्या आवाजात म्हणाला. काजांची भरपाई करायची संधी त्याने घेतली.

धाकट्याने परत एकापासून सुरुवात केली. ह्या वेळी त्याने बाबांचे हातही धरले होते. ते थंड होते आणि मधल्या बोटाला कात्रीचा जुना घट्टा होता. सतराव्या आकड्याला मास्तरांचे ओठ हलले.

"दिसत होता," ते म्हणाले. शब्द जाड होता पण अगदी स्पष्ट होता.

ताईने डोळे मिटून घेतले. "बाबा, अहो, नीट आठवा तरी—"

धाकट्याने डॉक्टरीणबाईंसारखा हात वर केला. आजार गेला, रुसवा सोडायची सोय गेली, उद्या सकाळची ही खुर्चीशेजारची जागाही गेली. राहिला तो फक्त पालथ्या हाताने सरकवलेला कोट. तरी तो उठला नाही. उठला असता तर पुन्हा तेच झालं असतं.

"वाईट होता का?"

एक, दोन, तीन. रस्त्यावरून कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. बारा, तेरा.

"वाईट होता," मास्तर म्हणाले. मग, कोणी काही न विचारता, "मुंढा."

"मी चार वेळा उसवला तो, बाबा," धाकटा म्हणाला. "चार वेळा बाह्या बसवल्या. अजून टांगलाय खोलीत. मला कळलंच नाही शिलाई कुठे चुकली ते."

त्याने वीसपर्यंत मोजलं. वीस संपले, तर तो पुढं मोजत राहिला. पंचवीस. तीस. आईने पदर तोंडाशी धरला होता. मास्तरांची नजर त्याच्या चेहऱ्यावर होती, आणि सकाळी त्याला जी दाराच्या कडीकडे बघणारी वाटली होती ती हीच नजर होती. एवढ्या जवळून ती तशी वाटत नव्हती.

"शिलाई बरोबर होती," मास्तर म्हणाले.

धाकटा परत एकापासून मोजायला लागला.

"बेतला मी होता."

थोरल्याने हळूच टेबलाची कड धरली. धाकट्याच्या डोळ्यांसमोर तो कोट उभा राहिला, खिळ्याला टांगलेला. मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, दोन बोटं जास्त खाली कापलेला असला तर बाही देवाने येऊन बसवली तरी कोट वर येणारच. टेप लावला असता तर एका मिनिटात कळलं असतं. टेप त्याच्या गळ्यात असायचा दिवसभर. तीन वर्षं त्याने आपले टाके तपासले होते आणि बापाची कात्री एकदाही तपासली नव्हती, कारण ती तपासायची नसते.

"तुम्हाला तेव्हाच कळलं?" त्याने विचारलं. "तिथंच? टेबलापाशी?"

ह्या वेळी उत्तर लवकर आलं, आठ-नवातच. "हात वर केले तेव्हा."

"मग मी जात होतो तेव्हा बोलला का नाहीत?"

हे मोजणं फार लांबलं. कितीपर्यंत गेलं ते धाकट्याला नंतर आठवलं नाही. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते आजाराचं रडू की त्यांचं स्वतःचं हे ओळखायच्या भानगडीत त्या खोलीत कोणी पडलं नाही.

"लाज वाटली," ते म्हणाले.

ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोरला खाली मान घालून निळ्या अभ्र्यांकडे बघत होता. आई म्हणाली, "तीन वर्षं, अहो. मला तरी सांगायचं," आणि तिच्या आवाजात कीव अजिबात नव्हती.

धाकट्याला राग आला. इतका राग त्याला घर सोडतानाही आला नव्हता. तो आजाराला माफ करायच्या तयारीने आला होता, आणि ते सोपं होतं, आजाराला कोणीही माफ करतं. इथं समोर बाप बसला होता, पुरता शुद्धीवर असलेला, अहंकारी, चूक स्वतःची माहीत असूनही पोराला दार ओलांडू देणारा. ह्याला माफ करायला दिवस लागणार होते, कदाचित महिने, आणि डॉक्टरीणबाईंनी महिने किती आहेत ते सांगितलं नव्हतं. आणि तरी बाबांचे हात त्याने सोडले नव्हते. हा तोच माणूस होता, सगळाच्या सगळा, हे कळून त्याला एवढं हायसं वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मी रागावलोय तुमच्यावर, बाबा," तो म्हणाला. "खूप."

सगळे थांबले. कोणी मधे बोललं नाही. ताईसुद्धा नाही.

"रागाव," मास्तर म्हणाले. मग श्वास घेतला, जीभ जमवली. "पण इथं बसून."

धाकट्याने स्टूल आणखी थोडं पुढं ओढलं.